मदत हवी आहे: पर्सिमॉन (काकी) या फळाचा हा वाण गोड की तुरट?

रानवारा: वाणांचा तक्ता करतोय, गोड आणि तुरट असे दोन रकाने. एका झाडाने घोळ घातलाय. एक फळ कडक असतानाच गोड, दुसऱ्याने जीभ आखडली. कुठे टाकू? आजच तक्ता द्यायचाय, लवकर सांगा.

बीजांकुर: वाणाचं नाव? फळात बिया होत्या का? गराचा रंग?

सुगरण: केळ्यासोबत डब्यात बंद करून ठेवा, तुरटपणा जातो. मी नेहमी करते.

रानवारा: ताई, तुरटपणा घालवायचा नाहीये, वर्गवारी करायचीये! नाव माहीत नाही. गोड फळ बियांनी भरलेलं, गर सालीपर्यंत तपकिरी. तुरटात एकही बी नाही, गर पिवळा.

बीजांकुर: हे आधी सांगायचं ना! दोन रकाने पुरणार नाहीत, चार करा. फुयू, जिरो हे वाण बिया असोत-नसोत गोडच. हाचिया कडक असेतो तुरटच. मधल्या दोन गटांत सगळा खेळ बियांचा. बिया ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन सोडतात, त्याने टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, विरघळेनासं होतं आणि जिभेला लागत नाही. झेंजिमारूत पुरेशा बिया धरल्या की अख्खं फळ गोड. रोजो ब्रिलान्तेत फक्त बियांभोवतीचा गर तपकिरी होतो, बाकी तुरट. तुमचं झाड झेंजिमारूच्या गटातलं.

कलमवाला: एका फळावरून गट ठरवताय? आणि गोडांचा एकच रकाना चूक आहे. जपानी फुयूची गोडी अप्रभावी जनुकाची. काकीचं झाड षट्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे सहा संच, एकूण 90 गुणसूत्रं, त्यामुळे सहाही प्रती तशाच हव्यात. चीनच्या लुओतियान-तिअनशीची गोडी प्रभावी. चव एक, वंश वेगळा. आणि हो, फुयूचं कलम लोटस या पर्सिमॉनच्याच दुसऱ्या जातीच्या खुंटावर बांधू नका, नीट जुळत नाही.

रानवारा: कलम कोण बांधतंय?

बीजांकुर: कलमवाले, घरात जनुकं कशी बघणार? फेरिक क्लोराइड लावलेल्या कागदावर कापलेलं फळ दाबा. विरघळणारं टॅनिन असेल तिथे काळं उमटतं.

कलमवाला: कागद त्या फळाचा तुरटपणा सांगतो, वंश नाही. कमी बियांचं फळ कापा, मग बोला.

रानवारा: कापलं. एकच बी, तिच्या बाजूचा गर तपकिरी आणि गोड, पलीकडचा पिवळा आणि तुरट.

बीजांकुर: बिया कमी पडल्या की झेंजिमारूच्या गटातही असंच होतं. बिया भरल्यावर सालीपर्यंत गोड, म्हणजे गट तोच.

कलमवाला: गट मान्य. पण मूळ जपानी की चिनी, तो रकाना मोकळा सोडा.

सुगरण: त्या पिवळ्या फळांना मद्यार्काची वाफ दिली तर?