'पिक अप'चे नेमके अर्थ तरी किती? डोकं चक्रावलंय

गोदाकाठचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, गंगाखेडकडचा. सध्या पुण्यात एका कंपनीत सपोर्टचं काम करायलो, तीन महिने झालेत. दहावीपर्यंत झेडपीची शाळा, इंग्रजी वाचून समजतं, ग्रामरही बरं हाय, पण माणसं बोलायला लागली की बारके शब्दच अडवतात. मोठा शब्द आला तर डिक्शनरीत बघता येतो, इथं 'पिक' माहीत, 'अप' माहीत अन् दोन्ही मिळून काय झालं तेच कळंना.

परवा टीम लीडनं चॅटवर टाकलं, "कॅन यू पिक धिस अप टुमॉरो?" अन् खाली एका कस्टमरच्या तक्रारीची लिंक. मला वाटलं काहीतरी पार्सल उचलून आणायचंय. सकाळी रिसेप्शनला जाऊन विचारलं तर तिथं काहीच नव्हतं, मग जागेवर येऊन बसलो. संध्याकाळी विचारणा झाली, तक्रार अजून तशीच कशी काय पडली? म्हणजे ते काम मी हातात घ्यायचं होतं. त्या रात्री घास उतरला नाही, खरं सांगतो.

त्यानंतर कान देऊन ऐकायलो तर जिथं तिथं हाच शब्द. "सेल्स आर पिकिंग अप." "शी पिक्ड अप मराठी इन सिक्स मंथ्स." एकजण सुट्टीवर गेला तर म्हणे "आय मस्ट हॅव पिक्ड अप अ बग". नेटवर बघितलं तर ही भली मोठी यादी. हे सगळं पाठच करावं लागतं का ह्यात काही सूत्र हाय?

लातूर_शिकवणी

भाऊ, यादी पाठ करू नकोस. मी लातुरात बारा वर्षं झाली इंग्रजी शिकवते, यादी पाठ केलेली पोरं पेपर संपला की ती तिथंच सोडून येतात.

त्यापेक्षा आपल्या 'उचलणे'कडं बघ. फोन उचलला, पोरगं कडेवर उचललं, पोलिसांनी रात्रीतून उचलला, आडतीवरून माल उचलला, मामाची बोलायची ढब उचलली. ह्या सगळ्या ठिकाणी पिक अप बिनधास्त चालतं. तुझ्या टीम लीडनं पण तेच म्हटलं, पडलेलं काम उचल. आपल्याकडं लग्नघरात नाही का म्हणत, जेवणाचं काम तुम्ही उचला, तसंच.

पण 'उचलणे' तुला अर्ध्या वाटेपर्यंतच सोडतं, हे ध्यानात ठेव. बीडकडं ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात, तिला इंग्रजीत ॲडव्हान्स म्हणतात. बँकेतून कर्ज उचललं, त्याला 'पिक्ड अप अ लोन' नाही म्हणायचं, तिथं 'टेक'. अन् कुणावर हात उचलला तर ते 'हिट' झालं.

आता उरलेली अर्धी वाट. वाक्यात कुणी काही उचलायलंय का ते बघ. 'सेल्स आर पिकिंग अप' मध्ये उचलणारं कुणीच नाही, खाली बसलेली विक्री आपली आपणच वर यायली. 'द विंड पिक्ड अप' म्हणजे वाऱ्यानं जोर धरला. सोयाबीनचे भाव पडून पडून एकदाचे वर सरकायला लागले की 'प्राइसेस आर पिकिंग अप'. गाडीनं वेग घेतला की 'पिक्ड अप स्पीड', तिथं पुढं स्पीड हा शब्द येतो पण भाव तोच.

बग म्हणजे इथं जंतू. कुठं गेला-आला असेल, ताप-खोकला घेऊन आला. हा अर्थ मला सगळ्यात जवळचा वाटतो, येता-जाता पदरात पडलेली गोष्ट. 'पिक अप सम मिल्क ऑन द वे' म्हणजे येताना दूध घेऊन ये, पैसे देऊनच. सवय लागली तरी हेच.

एक मात्र जपून. स्टेशनवरून बहिणीला आणलं तर 'आय पिक्ड माय सिस्टर अप फ्रॉम द स्टेशन' एकदम बरोबर. पण नुसतं 'आय पिक्ड अप अ गर्ल' म्हटलं की ऐकणारा वेगळाच अर्थ काढतो, अनोळखी मुलीशी सलगी केली असा. ऑफिसात तर हे चुकूनही नको.

जालना_पिकअपवाला

मोसंबीच्या सीझनला पिकअप भरून जालन्याहून रात्रीच निघतो मी, हा शब्द आमच्या तोंडी रोजचाच. ताईनं सांगितलं ते वाचून आज डोक्यात उजेड पडला. माल उचलती म्हणून गाडीचं नाव पिकअप. फाट्यावर एसटीसाठी माणसं थांबत्यात ती पिकअप शेड, कारण तिथून बस माणसं उचलती. अन् घाटात गाडी ओढंना झाली की मिस्त्री म्हणतो पिकअप राहिला नाही, म्हणजे वेग धरंना गेली. तीन शब्द रोज वापरायलोत अन् तिन्ही ह्याच्यातूनच निघालेत. परभणीकर भाऊ, तुला हे येतच हाय, घाबरू नको.

देगलूरचे_गुरुजी

बाळा, सांगतो ते मनावर घे. ह्यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की क्रियापदाला असे बारके शब्द जोडून अर्थ बदलतो, अन् परक्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच. ह्यांना फ्रेजल व्हर्ब म्हणायचं हे तर त्याच्याही पुष्कळ नंतरचं, लोगन पिअर्सल स्मिथनं १९२५ साली ते छापलं, अन् नाव सुचवलं होतं हेन्री ब्रॅडलीनं, तोही कोशकारच. म्हणजे इंग्रज माणसं हा शब्दप्रकार शेकडो वर्षं बोलत होती, नाव मागून पडलं.

भाषेबद्दलचं वाक्य तू दिलंस त्यावर माझ्या घरचं सांगतो. वडील निजामाच्या राज्यात शाळेत जात. शाळा उर्दूतली, अलिफ-बे चुकलं की हातावर छडी. पोलीस ॲक्शन झालं १९४८ला, तोवर त्यांचं उर्दू पक्कं झालेलं होतं. तेलुगू मात्र त्यांना कुणीच शिकवलं नाही. आमचं गाव सीमेवरचं, मिरचीवाले, बैलांचे व्यापारी पलीकडून यायचे, आठवडी बाजारात भाव करता करता ते तोंडात बसलं, लिहिता शेवटपर्यंत आलं नाही. आता इंग्रजीत सांगायचं तर उर्दू ते 'लर्न्ट' अन् तेलुगू 'पिक्ड अप'. ह्या दोन शब्दांत एवढाच फरक आहे, पण तो फार मोठा आहे.

अजून एक तुझ्या कामाचं. कुणी म्हणालं 'लेट अस पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ', तर सप्ताहात बघितलंस ना, पोथी काल ज्या ओवीवर थांबली तिथून आज पुढं सुरू होते, तसं. अन् मागं 'ऑन' लागला, 'पिक अप ऑन समथिंग', तर न सांगता ताडणे. आई फोनवर आपला नुसता आवाज ऐकून ओळखते ना की ह्याचं काहीतरी बिनसलंय, ते.

गोदाकाठचा_पोरगा

गुरुजी, ताई, दादा, लई आभार. आईचं उदाहरण वाचून गलबलून आलं, त्या दिवशी रात्री तिनं फोनवर तेच विचारलं होतं, जेवलास का रे म्हणून. आज अजून एक तक्रार आलीय, मी स्वतःहून लिहायलो, 'आय विल पिक अप इट टुडे'. बरोबर हाय का?

लातूर_शिकवणी

थांब, पाठवू नकोस अजून! 'पिक इट अप'. इट, हिम, हर, देम असे शब्द मधीच बसतात, शेवटी जात नाहीत. नाव असलं तर दोन्ही चालतं, 'पिक अप द फोन' किंवा 'पिक द फोन अप'. गुरुजींनी सांगितलेल्या 'ऑन'वाल्याला मात्र फोडायचं नाही, 'पिक अप ऑन इट' असंच. लिहिताना क्रियापद असेल तर दोन शब्द वेगळे, जालन्याच्या दादांची गाडी असेल तर एकच शब्द.

देगलूरचे_गुरुजी

बोलताना पण फरक आहे. काम उचलतो म्हणायचं तर जोर 'अप'वर, गाडी म्हणायची तर जोर 'पिक'वर. दहा वेळा मोठ्यानं म्हणून बघ.

गोदाकाठचा_पोरगा

'आय विल पिक इट अप टुडे.' म्हणून बघितलं अन् पाठवलं.