एसएसआय बंद पडली, पण माणसं?

एसएसआय (स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स) म्हणजे कॉम्प्युटरवरचे युद्धाचे खेळ, वॉरगेम, काढणारी कंपनी. 'युबीसॉफ्ट या गेम कंपनीनं २००१ मध्ये एसएसआय घेतली आणि वॉरगेमचा धंदा आटोपला' हे म्हणणं नावापुरतंच खरं, भावा. १९७९ मध्ये एसएसआय काढणारा जोएल बिलिंग्ज आणि तिचा हुकमी डिझायनर गॅरी ग्रिग्जबी यांनी कीथ ब्रोर्सला घेऊन टू बाय थ्री गेम्स ही नवी कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन-सोव्हिएत लढाईवरचा 'वॉर इन द ईस्ट' (२०१०) त्यांचाच. आकडेमोड तीच जुनी, किचकट. एसएसआयच्याच 'पॅन्झर जनरल' या सोप्या वॉरगेमचा सुटसुटीतपणा इथं शोधू नका.

शाहूपुरीचा ग्रुप रविवारी हाच गेम लावणार म्हणताय, तर एक बघा. नकाशावरचा एक षटकोनी घर म्हणजे १० मैल, एक चाल म्हणजे एक आठवडा. जर्मनांकडून खेळणारा नवखा गडी पहिल्या दोन-तीन चालींत रणगाडे सुसाट सोडतो आणि मग तेल संपून ते जागच्या जागी बसतात, कारण रसद रेल्वेच्या टोकापासून मोजली जाते आणि सोव्हिएत रूळ दुरुस्त केल्याशिवाय जर्मनांच्या कामाचे नाहीत. म्हणून रूळ दुरुस्त करणाऱ्या तुकड्या आधी हलवा, त्याही मुख्य मार्गावर. फाट्यांवर घालवल्यात तर मॉस्को राहिलं लांब, स्मोलेन्स्कलाच दम निघतो.