बोका वाटीपाशी येतो, हुंगतो, पण खात नाही – मदत हवी आहे

दोन वर्षांपासून एक भटका बोका रोज संध्याकाळी दारात येतो. हात लावू देत नाही, पण वेळेचा पक्का आणि खाण्याला अधाशी. गेले तीन दिवस मात्र येतो, वाटी हुंगतो, एखादा घास उचलतो आणि चटका बसल्यासारखा मागे सरतो. मग पंजाने तोंड चोळत बसतो. पाणी थोडंफार पितो. आज हनुवटीखाली लाळ दिसली आणि अंगावरचे केसही पिंजारलेले. (मांजराने अंग चाटणं सोडलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मलाही कळतं.)

आधी वाटलं, दुसरीकडे जेवून आला असेल. भटक्यांची चार घरं असतातच. पण मग वाटीपाशी ताटकळत कशाला बसेल? खाणं बदललं, दूध ठेवून पाहिलं, उपयोग शून्य. डॉक्टर म्हणाले, घेऊन या. आणू कसा? टोपलीखाली धरायला गेले तर भिंतीवरून पसार, आणि काल दोन तास उशिरा आला. रुसलाच असणार.

अजून किती थांबू? खाण्यातून एखादी गोळी देता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
थांबू नका. तुमच्या वर्णनावरून त्याला भूक आहे, खाता येत नाहीये. लाळ आणि तोंड चोळणं म्हणजे बहुधा तोंडातलं दुखणं: सुजलेल्या हिरड्या, किडका दात, किंवा कॅलिसी विषाणूने जिभेवर पडणारे व्रण. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साठायला लागते, आणि जाडजूड मांजरांना हा धोका जास्त. दूध बंद करा, पुष्कळ मांजरांना त्याने जुलाब होतात. कोरडे दाणे नकोत, पातळ लगदा कोमट करून ठेवा.
आणि माणसांची गोळी अजिबात नको. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

प्रतिसाद २
लघवीला बसून नुसताच कुंथतोय का, तेही बघा. बोक्यांची लघवी तुंबते, आणि मग एक दिवसही हातात नसतो.
टोपलीचा नाद सोडा. प्राण्यांसाठी काम करणारी मंडळी सापळ्याचा पिंजरा वापरायला देतात. दार पडलं की लगेच वर चादर टाका, अंधारात तो शांत होतो. डॉक्टरांना आधी कळवून पिंजऱ्यासकट न्या, मध्ये बाहेर काढू नका. चावला किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीचं विचारा.

धागाकर्ती
मनापासून आभार. लघवी करताना काल पाहिलं, धार नीट होती. पिंजरा उद्या दुपारी मिळतोय. तोवर लगदा ठेवू की नको? पोट भरलं तर पिंजऱ्यात शिरेल का?

प्रतिसाद २
ठेवा की! चार घोट पोटात गेले तर बरंच. फक्त उद्या पिंजरा जिथे लावणार, वाटी आजपासून तिथेच ठेवा.