अनुभव धागा: नवी एसएसडी, जुनी सिस्टीम आणि गेम्सचं बिऱ्हाड

हार्ड डिस्कवरून एसएसडीवर (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), नाहीतर लहान एसएसडीवरून मोठीवर बिऱ्हाड हलवलेले बरेच जण इथे आहेत. नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: क्लोन करू (म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत) की सिस्टीम नव्याने टाकू? उत्तरं दहा मिळतात. म्हणून हा धागा. काय केलंत, कुठे अडलं, कसं सुटलं ते लिहा. कोणती एसएसडी घ्यावी हा वाद कृपया इथे नको.

सुरुवात मीच करतो. मी क्लोनवाला. वर्षानुवर्षं साठलेली सॉफ्टवेअर्स आणि गेम्सचे मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या जोड-फायली) पुन्हा बसवत बसायची हौस नाही. क्लोनझिला हे डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून सुरू केलं, म्हणजे चालू विंडोजची प्रत काढायची भानगड उरत नाही. एक अट: नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. लहान असेल तर आधी पार्टिशनं (डिस्कचे कप्पे) आकसून घ्या. काम झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवली आणि मगच पहिलं बूट केलं. दोन्ही जोडलेल्या असल्या तर आपण नक्की कुठून सुरू झालो ते कळत नाही, शिवाय दोघींची ओळख एकच असल्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवतं.

पण जागा काही वाढेना. रिकामी जागा डिस्कच्या शेवटी, सी ड्राइव्ह अलीकडे, आणि मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेलं) ठाण मांडून बसलेलं. विंडोजमधलं पार्टिशन वाढवायचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसतं ते यामुळेच. जीपार्टेड या पार्टिशनच्या सॉफ्टवेअरने ते पार्टिशन टोकाला सरकवलं, मग सी पसरला.

*

मी नव्याने टाकणाऱ्यांपैकी. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही, त्यामुळे ती भीती नको. फक्त इन्स्टॉल करताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबली काढा. जुन्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करायच्या फायलींचं) असेल तर इन्स्टॉलर तेच वापरतो, आणि सिस्टीम नव्या डिस्कवर पण बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) जुन्या डिस्कवर असा संसार सुरू होतो. भावाच्या मशीनवर हेच झालेलं. कित्येक महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग जुनी हार्ड डिस्क खरखरायला लागली म्हणून काढली, तर मशीन थेट बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये! इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडला, नव्या डिस्कवर फॅट३२चं छोटं ईएफआय पार्टिशन केलं आणि 'बीसीडीबूट' या कमांडने बूटच्या फायली त्यावर लिहिल्या. विंडोजला धक्काही लागला नाही.

*

क्लोनवाल्यांसाठी एकच ओळ: आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) सस्पेंड करा. नाहीतर नव्या डिस्कच्या पहिल्या बूटलाच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपण न सांगता चालू झालेलं असतं.

*

+१. मी गेम्सबद्दल लिहिते, कारण सिस्टीमपेक्षा माझा जास्त वेळ त्यातच गेला.

स्टीम या गेम्सच्या दुकानाचं सोपं. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये नवी डिस्क जोडायची, गेम निवडायचे, 'मूव्ह' म्हणायचं. एपिक या दुसऱ्या दुकानात मी जरा गनिमी कावा केला. नव्या जागी इन्स्टॉल सुरू करायचं, थोडं उतरलं की थांबवून लाँचर (दुकानाचं गेम चालवणारं अ‍ॅप) बंद करायचा, जुना फोल्डर त्या जागी टाकायचा आणि 'रिझ्यूम'. असलेल्या फायली तो तपासून घेतो, उरलेलंच उतरवतो. यासाठी जुन्या फोल्डरची प्रत आधी दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा. एक्सबॉक्स अ‍ॅपचे गेम मात्र हाताने कॉपी करायला जाऊ नका, परवानग्यांच्या जंजाळात अडकाल. अ‍ॅपमधूनच हलवा.

पण गेम्स वेगळ्या डिस्कवर असतील तर यातलं काहीच करावं लागत नाही. मी सगळं नव्या डिस्कवर जसंच्या तसं कॉपी केलं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुनीचं 'डी' अक्षर काढून घेतलं आणि नवीला दिलं. लाँचरांना पत्ताच लागला नाही.

आता सेव्ह, म्हणजे आपण गेममध्ये कुठवर आलो त्याची फाइल. गेम हलला म्हणजे सेव्ह हलला असं अजिबात नाही. काही डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स'मध्ये, काही 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये, उरलेले अ‍ॅपडेटात, आणि त्यातही 'लोकल', 'लोकललो', 'रोमिंग' अशा तीन खोल्या. हे सगळं सी ड्राइव्हवर, आणि अ‍ॅपडेटा लपलेला असतो. क्लोन केलंत तर आपोआप येतं. सिस्टीम नव्याने टाकणार असाल तर आधी आख्खा यूजर फोल्डर उचलून ठेवा. क्लाउडवर असेलच असं धरून चालू नका, प्रत्येक गेमला ती सोय नसते.

*

नवी एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी) बसवली आणि माझी जुनी हार्ड डिस्क गायब! केबल बदलून झाली, पोर्टं बदलून झाली. शेवटी मदरबोर्डच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात सापडलं: त्या एम.२ स्लॉटमध्ये (एसएसडीच्या खाचेत) काही बसवलं की साटाची, म्हणजे केबलवाल्या डिस्कची, दोन पोर्टं बंद होतात. तिसऱ्या पोर्टात केबल घातली, आली.

पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी: एसएसडी स्लॉटमध्ये तिरकीच घालायची असते आणि स्क्रू लावेपर्यंत तिचं टोक वर उचललेलं राहतं, घाबरू नका. तो मिरीएवढा स्क्रू बहुधा मदरबोर्डच्या खोक्यात असतो. हीटसिंकच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म सोलायला विसरू नका. आणि साटावाली एम.२ नि एनव्हीएमई दिसायला सारख्याच, पण प्रत्येक स्लॉट दोन्ही चालवतोच असं नाही.

*

स्टीम डेकवाला (हातात धरून खेळायचा पीसी) कुणी आहे का? त्यात २२३० मापाची, म्हणजे ३० मिमी लांबीची एसएसडी लागते. पीसीतली नेहमीची २२८० जात नाही. मागचं झाकण उघडण्याआधी मेमरी कार्ड बाहेर काढा. राहिलं तर झाकण उचलताना कार्डाचे दोन तुकडे. जुन्या एसएसडीवरचं धातूचं वेष्टण नवीवर चढवायचं असतं, ते टाकून देऊ नका.

*

लिनक्सवर क्लोन केलं. एफस्टॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, असल्यामुळे डिस्कचं नाव बदललं तरी सगळं जागच्या जागी माउंट झालं. गेम्सची जुनी डिस्क काढणार असाल तर तिची ओळ एफस्टॅबमधून उडवा किंवा तिथे 'नोफेल' (नसली तरी पुढे चल) लिहा. नाहीतर बूट दीड मिनिट तिची वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. प्रोटॉनवर (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं स्टीमचं साधन) खेळत असाल तर नवी डिस्क विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये न ठेवता लिनक्सच्या एक्स्ट४मध्ये करा.

*

थोडं थंड पाणी ओततो. माझी आधीची साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबी वाचायची, नवी पीसीआयई ४ वाली (एनव्हीएमई) कागदावर ७०००. गेम उघडण्यात फरक पडला तो फार तर दोनेक सेकंदांचा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) होते तेवढेच. हार्ड डिस्कवरून येणाऱ्याची मात्र खरी चैन आहे. लोडिंग स्क्रीनवरच्या सूचना वाचून व्हायच्या आत गेम सुरू होतो.