मुलीची फी 'शंभर टक्के माफ' आहे ना, मग कॉलेज १,३२,००० का मागतंय?

वाघोलीकर
मुलीला कॅपच्या (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जागा मिळाली आहे. आम्ही ओबीसी, नॉन-क्रीमीलेयर दाखला आहे, आम्हा दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास. प्रवेश पक्का करायला कॉलेज एकरकमी १,३२,००० मागतंय. "शासनाचे पैसे आले की परत देऊ" म्हणतात. मुलींना मोफत शिक्षण म्हणतात ते हेच का? दुसरं, जवळच्याच एका खासगी विद्यापीठात तिला हवी ती शाखा मिळते आहे. तिकडे गेलो तर ही सवलत तिथेही लागू होईल ना? आणि धाकट्या मुलाला पुढच्या वर्षी यातलं काय मिळेल?

निळी_शाई
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया. खासगी विद्यापीठात ही सवलत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के मिळतं. पण त्यात शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजं धरली आहेत. स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं वगळलेली आहेत. गंमत अशी की कालपर्यंत साधं कॉलेज असलेली संस्था आज विद्यापीठ झालेली असते. इमारत तीच, शिक्षक तेच, पाटी तेवढी बदललेली. त्या पाटीवरच तुमचे चार वर्षांचे पैसे ठरतात.

प्रवेशसुद्धा शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोटा चालत नाही, संस्थास्तरावरच्या फेरीतला प्रवेशही चालत नाही. पुष्कळ जण शेवटच्या फेरीपर्यंत थांबतात, मग कॅपची जागा सोडून "चांगली शाखा मिळतेय" म्हणून संस्थास्तरावर त्याच कॉलेजात जातात. कॉलेज तेच, पण सवलत गेली. तुमची जागा कॅपची आहे, ती सांभाळा. अलॉटमेंट लेटर आजच डाउनलोड करून ठेवा, अर्जाला लागतं.

डेस्क_दोन
आता त्या १,३२,००० बद्दल. "फी माफ" म्हणजे अख्खी पावती माफ असा समज आहे, तो खरा नाही. शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची फी मंजूर करतं तेव्हा शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन वेगळे आकडे देतं. शासन यातलं फक्त शिक्षण शुल्क देतं, शिवाय परीक्षा शुल्क. विकास शुल्क, विद्यापीठाची नोंदणी, विमा, अनामत हे पालकांनी भरायचं.

समजा १,३२,००० मध्ये शिक्षण शुल्क १,१८,००० आणि विकास शुल्क १४,००० असेल, तर तुमच्या मुलीचे १,१८,००० शासनाचे आणि तुमचे १४,००० अधिक किरकोळ. ओबीसी मुलाला ५० टक्के, म्हणजे शासनाचे ५९,००० आणि घरचे ७३,००० अधिक किरकोळ. तुमच्या कॉलेजचे खरे आकडे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आणि कॉलेजच्या सूचनाफलकावर मिळतील, ते बघून वजाबाकी करा.

शासन जो हिस्सा देणार आहे तो प्रवेशाच्या वेळी पालकांकडून घेऊ नये, अशा सूचना कॉलेजांना आहेत. तरीही मागतात, कारण शासनाकडून पैसे यायला वेळ लागतो आणि तो भार त्यांना नको असतो. भांडण काढू नका. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या: कॅपमधून प्रवेश, प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला सोबत, महाडीबीटीवर (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज करणार आहे, म्हणून फक्त विकास शुल्क व इतर शुल्क भरून घ्यावे. एक प्रत घ्या, त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. तरीही ऐकलं नाही तर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या विभागीय सहसंचालकांकडे तीच प्रत जोडून तक्रार करायची. बहुतेक वेळा आवक शिक्क्यापाशीच प्रकरण मिटतं.

सेतूच्या_रांगेत
नॉन-क्रीमीलेयर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. क्रीमीलेयर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. योजनेला मात्र कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं आणि त्यात सगळं येतं: पगार, शेती, भाडं, आईची कमाई. म्हणून नॉन-क्रीमीलेयर हातात असूनही अर्ज बाद झाला, असं दर वर्षी होतं. तुम्ही साडेसहा लाखांवर आहात, अडचण नाही, पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा काढावाच लागेल. मागच्या आर्थिक वर्षाचा, चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला. कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे दोघांचं, एकट्या वडिलांचं नव्हे. अर्ज करताना पगाराच्या फॉर्म १६ शी आकडा जुळतो ना बघा. तलाठ्याच्या अहवालात एक आणि फॉर्म १६ मध्ये दुसरा, असं दिसलं की प्रश्न सुरू.

कागद अपलोड करतानाची एक बारीक गोष्ट. महाडीबीटीवर फाइल १५ ते २५६ केबीच्या मध्ये लागते. मोबाइलने काढलेला फोटो ३-४ एमबीचा असतो, मग लोक कुठल्याशा ॲपने तो चेपतात आणि दाखल्यावरचा क्यूआर कोड आणि सही पुसट होतात. कॉलेजच्या लिपिकाला ते वाचता आलं नाही की अर्ज परत. फोटो काढूच नका. स्कॅनरवर १५० डीपीआय, ग्रेस्केल, पीडीएफ. एका पानाची फाइल सहज बसते.

मॅपरवाला
सगळं मंजूर होऊनही पैसे येत नाहीत ते बहुतेक बँकेमुळे. "आधार लिंक आहे" म्हणजे केवायसीसाठी आधार दिलंय, एवढंच. अशी लिंक तुमच्या चारही खात्यांना असू शकते. डीबीटीचे, म्हणजे शासनाकडून थेट मुलीच्या खात्यात येणारे, पैसे मात्र एनपीसीआयच्या (बँकांमधली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या) मॅपरमध्ये त्या आधार क्रमांकासमोर जी एक बँक लिहिली आहे तिथेच जातात, आणि शेवटी जिथे सीडिंग (म्हणजे ही नोंद) झालं तीच बँक तिथे राहते. मोबाइलच्या दुकानात सिमकार्डाबरोबर उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातं अनेकदा असं मध्येच घुसतं आणि मुलीला त्याची कल्पनाही नसते.

माय आधार संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव दिसेल आणि स्थिती 'ॲक्टिव्ह' हवी. चुकीची बँक असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमतीफॉर्म भरा, त्यात जुन्या बँकेचं नाव लिहून मॅपिंग हलवायला सांगा, आणि आठवड्याने स्थिती पुन्हा तपासा. काउंटरवर नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं तर ते केवायसी करून मोकळे होतात.

खातं लहानपणी उघडलेलं असेल तर तेही तपासा. पूर्ण केवायसी नसलेल्या 'स्मॉल अकाउंट'मध्ये एका वेळी ५०,००० च्या वर शिल्लक आणि वर्षात एक लाखाच्या वर जमा चालत नाही. मोठा हप्ता आला की व्यवहार अडकू शकतो. केवायसी पूर्ण केलं की ही मर्यादा जाते.

निळी_शाई
मुलाबद्दल राहिलं. कॅपचे पर्याय भरताना टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या) जागा विसरू नका. चॉइस कोडच्या शेवटी टी असतो त्या. पाच टक्के जादा जागा, उत्पन्न आठ लाखांच्या आत, प्रवर्गाची अट नाही, आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. गुणवत्ता बरीच वर लागते, पण वरच्या पसंतीत टाकायला काही खर्च नाही. ती जागा मिळाली तर मध्येच कॉलेज बदलता येत नाही, एवढं धरून चाला.

ओपनमधले वाचत असतील त्यांच्यासाठी: तुमची योजना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. मर्यादा तीच आठ लाख, मुलांना ५० टक्के, आणि कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच. हमीपत्रात ते लिहून द्यावं लागतं.

वाघोलीकर
कॉलेजने आज १४,००० आणि किरकोळ घेऊन प्रवेश दिला. पावतीवर मात्र 'फी' म्हणून एकच रक्कम लिहिली आहे. चालेल का?

डेस्क_दोन
नाही, आजच बदलून घ्या. अर्जात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क यांचे वेगळे रकाने आहेत आणि छाननी करणारा पावतीशी ताडून बघतो. रकानेवार पावती, त्यावर शैक्षणिक वर्ष आणि शाखा, कॉलेजचा शिक्का. नावही बघा. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एवढा फरक सहसा चालतो. वडिलांचं नाव गाळलेलं किंवा स्पेलिंग वेगळं असेल तर आधार आधी दुरुस्त करा, मग प्रोफाइल उघडा.

प्रोफाइलमध्ये 'सध्याचा अभ्यासक्रम' भरताना प्रवेशाचा प्रकार कॅप असाच निवडा आणि कॅपचा आयडी अलॉटमेंट लेटरवरून जसाच्या तसा टाका. सायबर कॅफेत घाईत 'नॉन-कॅप' दाबलं जातं आणि मग पात्र योजनांच्या यादीत ही योजना दिसतच नाही. युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा, ओटीपीसाठी तुमच्याच घरातला मोबाइल नंबर द्या, कॅफेवाल्याचा नको. अर्ज पाठवल्यावर दर आठवड्याला लॉगिन करून बघा. 'सेंड बॅक' (अर्ज दुरुस्तीसाठी परत) झाल्याचा एसएमएस येईलच असं नाही, आणि दुरुस्तीची मुदत संपली की लिपिकाच्याही हातात काही राहत नाही.