मदत हवी आहे : पिशवी काढल्यापासून जवळीक नकोशी झालीय

नमस्कार ताई-दादा. मी परभणीकडची, वय 39. अंगावरून फार जायचं म्हणून मागच्या वर्षी पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. आपल्या मराठवाड्यात, त्यातही बीडकडच्या ऊसतोड बायकांत, पिशवी काढणं दाढ काढण्याइतकं सोपं झालंय; अंडाशयांचं मात्र कुणी नाव काढत नाही.

तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, झोप उडालीय आणि जवळ आलं की नुसती आग होते. खोबरेल लावलं, तेवढ्यापुरतं बरं. अंडाशयं गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन घटलं की तिथली त्वचा कोरडी, पातळ होते, हे कळलं. बायकांच्या अंगातही टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी म्हणवलं जाणारं हार्मोन असतं आणि त्यातला बराच वाटा अंडाशयाचा, हे मात्र नवीन होतं. इच्छा त्यामुळंच गेली, की दुखायच्या भीतीनं? सासूबाई म्हणतात, "आता काय करायचंय तसलं?" चाळिशीच्या आत!

यांना शुगर आहे, ताठरता टिकत नाही. मित्र म्हणतो टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे. मी अडवलंय. आधी सकाळची रक्ततपासणी तरी होऊ द्या. शुगरनं नसा-रक्तवाहिन्या बिघडल्या तर हार्मोन ठीक असूनही असं होतं म्हणे.

योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम कुणी वापरलंय का? किती दिवसांत फरक पडला? गोळ्याही घ्याव्या लागल्या का? नांदेड किंवा संभाजीनगरला हे न लाजवता ऐकून घेणाऱ्या डॉक्टरबाई कुणाला माहीत आहेत? यांना हार्मोनवाल्यांकडं न्यावं की आधी शुगरवाल्यांकडंच?

शतावरी, अश्वगंधा कृपा करून सुचवू नका, डबे भरून पडलेत.