रस्ता कसा हवा, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?

जांभाचिरा
काल माळ्यावरची पेटी आवरताना आजीचे कॅनव्हासचे बूट सापडले. पांढरे. म्हणजे एके काळी पांढरे, तळापासून चार बोटं वर लालच लाल. माथेरानची माती. आजीने ते रिठ्यात घातले, सोड्यात घातले, शेवटी कापड विरलं पण रंग गेला नाही.

आम्ही दर मे महिन्यात जायचो. दस्तुरीला गाडी सोडायची आणि तिथून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालायचं. आजीचे गुडघे गेल्यावर तिच्यासाठी हातरिक्षा, पुढे एक जण ओढायला, मागे दोघं ढकलायला. चढ आला की आजी खाली उतरायची आणि रिक्षेच्या बाजूने चालायची. पैसे पूर्ण द्यायची, वर लाडू. रिक्षावाले तिला म्हणायचे, आजी, मग घेतली कशाला रिक्षा? ती म्हणायची, उतारासाठी.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. पेव्हर ब्लॉक दस्तुरी ते शिवाजी पुतळा एवढेच, आतल्या वाटांवर नकोत, असंही म्हटलं. आता बूट पेटीतून का काढले ते सांगते. आमच्या गावात (नाव नको, घाट आहेत, वाडे आहेत, समजून घ्या) नदीकाठाने पायी आणि सायकलसाठी मिळून एक मार्ग होतोय आणि हरकती-सूचना मागवल्यात. आयुष्यात पहिल्यांदा सूचना लिहायला बसले आणि अर्धं पान बुटांवरच गेलं. तुम्ही कधी दिलीय का अशी सूचना? काय झालं पुढे?

टाचणी
बूट टाकू नका हां. बाकी सावकाश वाचते, दूध उतू चाललंय.

नेरळ_लोकल
आजोळ तिथलंच, मामांचे दोन घोडे होते. बाहेरच्यांना पेव्हर म्हटलं की स्वच्छ रस्ता दिसतो, मामांना घोड्याचे खूर दिसायचे. लोखंडी नाल, गुळगुळीत ब्लॉक, त्यावर पावसाचं शेवाळ, आणि तोही उतारावर. वर कुणाचं तरी पोर बसलेलं. पण उलट बाजू पण सांगतो. मातीच्या रस्त्यावर लीद पडते, सुकते, टापांखाली तिचं पीठ होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये तेच आपण श्वासात घेतो. मामीला दमा होता. एकाच घरात दोन मतं आणि दोन्ही बरोबर. जेवताना हा विषय काढायचा नाही असा आज्जीचा नियम होता.

खमंग_काकडी
+१. शिवाय ई-रिक्षा. डिसेंबर २०२२ ला प्रयोग सुरू झाला तेव्हा सात होत्या फक्त. माझी मैत्रीण तिथे शिकवायची, ती म्हणाली पहिल्यांदा मुलं शाळेत कोरड्या दप्तराने आली.

चिक्कीप्रेमी
धाग्याचा विषय गंभीर आहे माहितीये पण चपला! माथेरानच्या चामडी चपला कुणी घेतल्यात का? माझ्या अकरा वर्षं टिकल्या. चिक्की मात्र प्रत्येक वेळी घरी येईपर्यंत मऊ.

नेरळ_लोकल
@चिक्कीप्रेमी, डबा न्यायचा असतो ओ सोबत. घट्ट झाकणाचा.

अर्धीटोपी
मी दिलीय सूचना. शहर सांगत नाही. तळ्याकाठचा मार्ग होता, बाइकवाले घुसू नयेत म्हणून तोंडाशी खांब लावायचे होते. मी आपला हुशारीने लिहून दिलं की दोन खांबांत अंतर कमी ठेवा. सुनावणीला गेलो तर शेजारी एक बाई चाकाच्या खुर्चीवर. त्यांनी बॅगेतून शिंप्याची टेप काढली. म्हणाल्या, माझ्या खुर्चीला सुखाने जायला नव्वद सेंटिमीटर लागतात, तुमच्या स्कूटरचं हँडल किती? खाली जाऊन मोजलं. सत्तरच्या आसपास. म्हणजे त्यांना आत घ्यायचं तर स्कूटर येणारच! टेबलावर सगळे गप्प. मी माझी सूचना तिथेच मागे घेतली. शेवटी खांब नव्वदवर लागले आणि स्कूटरीही येतात. त्या बाई रोज संध्याकाळी स्कूटरवाल्यांना ओरडताना दिसतात, आम्ही पण ओरडून घेतो.

टाचणी
आले. अर्धीटोपी, टेपवाल्या बाईंना दंडवत. मी आता कुठेही खांब दिसले की मोजणार.

बर्फाळ_पुणेकर
आम्ही बोस्टनजवळ. इथे मिनिटमॅन बाइकवे आहे, जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेला, केंब्रिजच्या टोकापासून बेडफर्डपर्यंत साधारण १६ किलोमीटर. मध्ये लेक्सिंग्टन लागतं. १९ एप्रिल १७७५ ला जिथे पहिल्या गोळ्या झडल्या ती हिरवळ तिथून हाकेच्या अंतरावर. सायकल, बाबागाड्या, कुत्री, स्केटिंगवाले, सगळे एकाच पट्ट्यावर.

आई पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट. मागून सायकलवाले ओरडतात, 'ऑन युअर लेफ्ट'. म्हणजे मी तुझ्या डावीकडून चाललोय, तू आहेस तिथेच राहा. आईला वाटलं, डावीकडे हो म्हणतोय. आज्ञाधारक बाई, झाली डावीकडे. सायकलवाला गवतात. उठला, सॉरी म्हणाला, आईने त्याला पर्समधली आवळा सुपारी दिली. त्याने खाल्लीसुद्धा. चेहरा बघण्यासारखा होता.

पुढे शेजारच्या गावात अशाच मार्गाची जाहीर सुनावणी होती, बाबांना घेऊन गेलो. दर माणशी तीन मिनिटं, समोर घड्याळ. मार्गाला लागून घरं असलेले तावातावाने: आमच्या परसात डोकावतील, रात्री पोरं बसतील, कुत्री घाण करतील. दुसरा गट डांबर की खडीची चुरी यावर भांडत होता. चुरी जुन्या गावाला शोभते, पण बाबागाडी रुतते. बाबा माझ्या कानात म्हणाले, हे तर अगदी आपल्या सोसायटीच्या सभेसारखं आहे, फक्त चहा नाही. त्यांना बाकांबद्दल बोलायचं होतं. पाहुणे म्हणून बोलता येईना, मग मी तीन मिनिटांतली एक त्यांच्या बाकांना दिली. हाताचे टेकू असलेला बाक हवा म्हणाले, नाहीतर म्हातारा माणूस बसतो पण उठत नाही. मार्ग अजून कागदावरच आहे. बाबा दर फोनला विचारतात, बाक झाला का?

खमंग_काकडी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट), आवळा सुपारी!!

आवक_जावक
नोकरी याच कागदांत गेली म्हणून दोन शब्द. सूचना नुसती टपालपेटीत टाकू नका. दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मुदत नोटिशीत असते ती बघा. विकास आराखड्यात फेरबदल असेल तर १९६६ च्या महाराष्ट्र नगररचना अधिनियमाचं कलम ३७, एक महिना. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा असेल तर साठ दिवस. माथेरानचं क्षेत्र २००३ साली जाहीर झालं ते याच वाटेने. आणि भावना एका ओळीत, बाकी जागा सांगा: कुठल्या घाटाची कितवी पायरी, कुठलं झाड, पाणी कुठे साचतं. झाडाला बुंधा मोजून लिहा. "निसर्ग जपा" असे कागद मी पोत्याने बघितलेत, त्यांच्यावर शेरा एकच, "नोंद घेतली".

अवांतर: @नेरळ_लोकल, मामांचे घोडे पावसाळ्यात कुठे असायचे? खाली उतरवायचे का?

नेरळ_लोकल
बरेच उतरवायचे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, मोठी कथा आहे, त्यात एक लग्न पण आहे.

चिक्कीप्रेमी
व्यनि कशाला, इथेच लिहा की. लग्न आहे म्हणताय.

जांभाचिरा
सगळ्यांचे आभार. आवक_जावक, तुमचं वाचून अर्धं पान खोडलं. आता घाटाच्या सातव्या पायरीपाशी पाणी साचतं ते लिहिलंय, धुणं वाळत घालतात ती भिंत लिहिलीय (तिथून सायकली नेल्या तर बायका जाणार कुठे?), आणि हात टेकायचा बाक, बर्फाळ_पुणेकरांच्या बाबांकडून उसना. बुटांचा फोटो मात्र जोडला, राहवलं नाही. आज देऊन आले. आवक क्रमांक ४१. खिडकीतल्या बाईंनी फोटो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, हे काय आहे?

टाचणी
मग? काय सांगितलंत?

जांभाचिरा
कुकर लावून येते.